हाली, कलदार आणि पांढरीतला हत्ती : जुनी नाणी कधी घ्यावी, कधी विकावी

"सर, हे बघा बरं," म्हणत त्यानं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि चहाच्या बशीशेजारी सोडली. माझा जुना विद्यार्थी, आता परळीकडे शेती करतो. आजोबा वारले, वाटण्या झाल्या, पेटीच्या तळाशी हे निघालं. अकरा नाणी. "मोबाईलवर दाखवायलेत, असं एकेक नाणं लोकं दोन-दोन लाखाला घ्यायलेत. आत्ताच विकू का ठेवू?"

मी अंबाजोगाईत शिक्षक होतो. नाणी जमवायला लागलो त्याला सत्तावीस वर्षं झाली. या काळात हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की एकदाचं लिहूनच टाकावं म्हटलं.

दोन लाखांचं आधी उरकतो. मोबाईलवर जे "जुनं नाणं द्या, लाखो घ्या" म्हणतात, ते पुढच्या फोनला "आधी नोंदणीचे दोन हजार भरा, मग कमिशन, मग कर" यावर येतात. काही जण तर रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतात. रिझर्व्ह बँकेनं 2021 च्या ऑगस्टमध्ये जाहीरच केलंय की आम्ही अशा व्यवहारात नसतो, कुणाला आमच्या नावानं शुल्क घ्यायचा अधिकार दिलेला नाही. विकणाऱ्यानं आधी पैसे भरायचे असा बाजार जगात कुठंच नसतो. मोंढ्यात सोयाबीन घालताना आपण आडत्याला आधी दोन हजार देतो का?

आता पुरचुंडी. सहा रुपये चारमिनारचे, तीन रुपये पंचम जॉर्जचे, एक शिवराई (शिवरायांनी सुरू केलेला तांब्याचा पैसा), आणि एक काळंभोर, जाडसर, करंगळीच्या नखाएवढं काहीतरी. ही अकरा नाणी म्हणजे तीन वेगवेगळे बाजार आहेत, आणि प्रत्येकात घेण्या-विकण्याची वेळ वेगळी असते. लोक चुकतात ते इथंच. सगळ्याला मिळून "जुनी नाणी" म्हणतात आणि एकच भाव, एकच वेळ शोधत बसतात.

चारमिनारचा रुपया आमच्याकडं हाली म्हणून ओळखला जायचा, निजामाचा. इंग्रजांचा तो कलदार. म्हातारी माणसं अजून "तेव्हा बैल साठ हालीला आणला" असं बोलतात. चारमिनारच्या मधल्या कमानीत भिंग धरून पाहिलं तर उर्दू-फारसी लिपीतलं एक छोटं अक्षर दिसतं. मीम असेल तर मीर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान, म्हणजे 1911 नंतरचा. माझ्या विद्यार्थ्याच्या सहाही रुपयांवर ऐन होता.

हाली भरतो साधारण 11.18 ग्रॅम, त्यात चांदी 81.8 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी 9.14 ग्रॅम. पंचम जॉर्जचा कलदार बरोबर एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे 10.69 ग्रॅम. आता एकाला दुसऱ्यानं भागा. उत्तर येतं सहा सप्तमांशाच्या आसपास. आणि त्या काळचा अधिकृत बदला काय होता? सात हाली म्हणजे सहा कलदार. मला हा हिशेब पहिल्यांदा जमला त्या रात्री झोप लागली नव्हती. (बायको म्हणाली, इतक्या आनंदानं कधी पगार मोजला नाहीत.)

मुद्दा असा की हे दोन्ही रुपये ढिगानं पाडले गेले आणि ढिगानं शिल्लक आहेत. घासलेल्या, साध्या सालच्या रुपयाची किंमत म्हणजे त्यातली चांदी आणि वर थोडंफार. असं नाणं विकायचं तर चांदीचा भाव पाहून विकावं. घ्यायचं तर चांदी पडलेली असताना घ्यावं. इथं नाणेशास्त्राचं काही काम नाही, सराफ्यातला भाव बघितला की झालं. चांदी कडाडली की असे रुपये पोत्यानं आटतात, आणि त्याचा एक उलटा परिणाम होतो. दर आटणीत साधी सालं थोडी थोडी कमी होतात आणि चांगल्या अवस्थेतला रुपया वेगळा पडत जातो. म्हणून सहा हालींपैकी ज्याची अक्षरं अजून टोकदार होती, कडा झिजली नव्हती, तो एक मी बाजूला काढायला सांगितला. बाकीचे पाच चांदीच्या हिशेबात गेले तरी हरकत नाही.

एक सावधानी. 1940 पासून इंग्रजांनी रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, आणि 1947 चा रुपया तर निकेलचा आहे. सगळे कलदार एका तराजूत घालू नका. उलट 1939 चा रुपया दुर्मिळ, तो चांदीच्या कितीतरी पट जातो. त्यामुळंच त्याच्या नकलाही भरपूर. 1938 च्या रुपयावर शेवटचा आकडा कोरून 9 केलेलेही मी पाहिलेत.

आता दुसरा बाजार. इथं धातूला फारसा अर्थ नसतो आणि वयालाही नसतो. हे वयाचं लोकांच्या गळी उतरत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

नाशिकजवळ जोगळटेंभी आहे. तिथं 1906 साली क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13,250 च्या वर. त्यातली जवळजवळ 9,270 नाणी आपल्या पैठणच्या सातवाहनांनी, गौतमीपुत्र सातकर्णीनं, पुन्हा छापलेली होती. नहपानाला हरवलं, त्याची नाणी गोळा केली आणि त्याच्या चेहऱ्यावरच आपला डोंगर आणि उज्जैन चिन्ह (क्रॉसच्या चार टोकांना चार गोळे) ठोकलं. नीट पाहिलं तर चिन्हाखालून नहपानाचं नाक डोकावतं. इतकं बोलकं नाणं क्वचित मिळतं. तरीही जवळपास एकोणीसशे वर्षांचं हे नाणं आणि ऐंशी-नव्वद वर्षांचा 1939 चा रुपया यांत रुपया महाग पडू शकतो, कारण एकाच मडक्यातून हजारो निघाली.

भाव ठरतो तीन गोष्टींवर. नाणी किती उरली, ती हवी असणारे किती, आणि हातातलं नाणं कसं दिसतं. यातली पहिली एका रात्रीत बदलू शकते. कुठं मोठा साठा निघाला आणि बाजारात आला की त्या प्रकारचा भाव बसतो, मग वर्षानुवर्षं हळूहळू उठतो. घेणाऱ्यासाठी ही चांगली वेळ असते, विकणाऱ्यासाठी वाईट. एखादं नाणं अचानक तीन-चार लिलावांत सारखं दिसायला लागलं, तेही एकाच रंगाचं आणि एकाच मातीचं, तर हात आखडता घ्यावा. दोन वर्षांनी ते स्वस्त मिळेल.

दुसरी गोष्ट, हवी असणारे किती. शिवराई म्हटलं की महाराष्ट्रात हात वर होतात. तरीही साधी शिवराई आजही काही शेकड्यांत मिळते, कारण ती दीडशे वर्षं पाडली गेली आणि खेडोपाडी उरली. महाग आहे ती सुरुवातीची, अक्षरं पूर्ण असलेली. शिवरायांचा सोन्याचा होन तर इतका दुर्मिळ की तुम्हाला कुणी "घरातला होन" म्हणून दाखवला तर आधी नकली समजूनच हातात घ्यावा.

औरंगजेबाच्या रुपयाचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. त्याचे रुपये गावोगावच्या टांकसाळीत पाडले गेले. सुरतेचे इतके आहेत की कुणी वळून बघत नाही. आपल्या औरंगाबादच्या टांकसाळीचं नाव मात्र नाण्यावर 'खुजिस्ता बुनियाद' असं येतं. राजा तोच, चांदी तीच, वजन तेच, पण या दोन शब्दांना वेगळा भाव. गंमत अशी की तेव्हा छाप नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळं हातोडा पडताना टांकसाळीचं नाव निम्मं बाहेरच जायचं. नाव पूर्ण आलंय की कापलंय, एवढ्यावर किंमत दुप्पट किंवा निम्मी. ज्याला हे वाचता येतं तो सुरतेच्या ढिगात बसून खुजिस्ता बुनियाद शोधतो आणि सुरतेच्या भावात उचलतो. घेण्याची वेळ म्हणतात ती हीच. बाजार खाली आहे का वर, याची वाट बघण्यात मी फार वर्षं घालवली. माझी चांगली खरेदी झाली ती नेहमी जे समोरच्यापेक्षा मला जास्त कळत होतं त्याचीच. आणि फसलो ते जे त्याला जास्त कळत होतं त्यात.

म्हणून नवख्याला मी सांगतो, पहिलं वर्ष काही घेऊ नका. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात जा, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे तिथं एक दिवस घाला. लिलावांच्या याद्या आणि प्रत्यक्ष किती रुपयांना गेलं ते आकडे वाचत बसा. मागितलेली किंमत कुणीही लिहितो, मोजलेली बघायची.

आता तिसऱ्या बाजाराकडं, म्हणजे त्या करंगळीच्या नखाएवढ्या काळ्या नाण्याकडं येऊ. एका बाजूला सोंड वर केलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला क्रॉसच्या चार टोकांना चार गोळे, तेच उज्जैन चिन्ह. पोटीन, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांचं मिश्रण. सातवाहनांचं. मी विचारलं, "हे आजोबांकडं आलं कुठून?" तो म्हणाला, "ते नाही पेटीतलं. मामाच्या गावाला पांढरीची माती उकरायलेते, त्यात निघालं."

पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. पैठण, तेर, भोकरदन या भागात पांढरीची माती लोक शेतात टाकतात आणि पहिल्या पावसानंतर त्यात मणी, बांगड्यांचे तुकडे, नाणी चमकतात. म्हणूनच विकणारे "पैठणच्या पांढरीतलं आहे" असं कौतुकानं सांगतात. माझ्या दृष्टीनं हेच वाक्य ते नाणं खाली ठेवायला पुरेसं आहे. 1878 चा निखात निधीचा कायदा सांगतो की जमिनीत दडलेला दहा रुपयांच्या वरचा ऐवज सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. न कळवता दाबून ठेवलं तर आपला वाटा जातो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. कळवलं आणि मालक कुणी निघाला नाही, तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से आणि जमिनीच्या मालकाला एक, असं त्यात लिहिलंय. सरकारला तो ऐवज ठेवून घ्यायचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. कागदावर वाईट नाही. लोक भितात ते कचेरीच्या खेपांना.

कायद्यापलीकडचीही गोष्ट आहे. पांढरीतून उचललेलं नाणं कुठल्या थरात होतं, शेजारी काय होतं, हे एकदा गेलं की गेलं. अशा पोटीन नाण्याला बाजारात काही शेकडे रुपये मिळतात. तेवढ्यासाठी तेरचा इतिहास खणून काढायचा, हे मला परवडत नाही.

दुसरा कायदा 1972 चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षं झालेलं कुठलंही नाणं त्यात पुरावस्तू ठरतं, म्हणजे 1920 चा जॉर्जचा रुपयासुद्धा. घरात ठेवायला हरकत नाही. धंदा म्हणून विकायचं तर परवाना लागतो, आणि देशाबाहेर न्यायला बंदी आहे. नेलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. पोरगं अमेरिकेला निघालं म्हणून आजीच्या माळेतली पुतळी त्याच्या बॅगेत टाकू नका. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसची सोन्याची मोहोर. तिच्यावरच्या आकृत्यांवरून दख्खनेत तिला पुतळी हे नाव पडलं. पुढं इथंच तशा घडवल्या जाऊ लागल्या, त्यामुळं माळेतली पुतळी खरी व्हेनिसची का सोनाराची हे जाणकाराला विचारूनच ठरवावं. कडी लावलेली असेल तर मात्र संग्राहक तिला सोन्याच्याच भावात मोजतो.

बंदीचा भावावर परिणाम होतो तो असा, की लंडनच्या लिलावात सातवाहन राजाचा चेहरा असलेलं नाणं कितीला गेलं, हे आपल्याला विकताना उपयोगाचं नाही. आपलं गिऱ्हाईक इथंच आहे.

आता विकण्याबद्दल. आधी एक हिशेब करा. समजा लिलावात नाण्यावर दहा हजारांची बोली झाली. घेणाऱ्याकडून दहा टक्के वरचे धरा, म्हणजे त्याला पडलं अकरा हजारांना, जीएसटी वेगळा. तोच उद्या त्याच लिलावात विकायला गेला, बोली पुन्हा दहा हजारच झाली, विकणाऱ्याचं कमिशन दहा टक्के धरलं, तर हाती नऊ हजार. भाव हलला नाही आणि दोन हजार गेले. टक्केवारी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती आधी विचारून घ्या. पण या हिशेबात निव्वळ पैसे सुटायलाच भाव 22 टक्के वर जायला हवा. दुकानदाराला विकलं तर अंतर अजून मोठं. त्याला दुकान चालवायचंय, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून आज घेऊन दिवाळीला विकण्याचा विचार असेल तर नाण्यांच्या वाटेला जाऊ नका, जमीन नाहीतर सोनं बघा. शिवाय नफा झाला तर त्यावर कर लागू शकतो, तेवढं सीएला विचारून ठेवा.

माझी चूक सांगतो. 2016 चा उन्हाळा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तो. धाकट्या भावाची मोसंबी वाळत होती, तिसरं बोअरही कोरडं गेलं होतं, पैसे लगेच हवे होते. मी तेवीस नाणी एका व्यापाऱ्याला उक्ती दिली, एकच आकडा ठरवून. घाईत मी प्रत्येकाची वेगळी किंमत लिहिलीसुद्धा नव्हती. त्यात दोन खुजिस्ता बुनियाद होती, त्यातल्या एकावर नाव पूर्ण आलेलं. त्याला ते दिसलं, मला पैशाची घाई दिसत होती. सगळ्या तेवीस नाण्यांना जे मिळालं, त्याच्या निम्म्याला ते एकटं पुढच्या वर्षी एका यादीत गेलेलं मी पाहिलं. व्यापारी लबाड नव्हता, मीच पाट्या टाकून बसलो होतो. आणि मोसंबीही गेलीच.

तेव्हापासून विकायचं ते घाई नसतानाच विकतो. त्याची कारणं दोन-तीनच असतात. एकाच प्रकारचं जास्त चांगलं नाणं हाती आलं की आधीचं जातं. विषय बदलला की जातं. मी एके काळी दौलताबादची तुघलकी नाणी जमवायचो. 1330 च्या आसपास मुहम्मद तुघलकानं चांदीच्या टंक्याऐवजी पितळ-तांब्याचा टंका चालवला, लोकांनी घरोघर नकली पाडले आणि शेवटी खजिन्यातून सोनं-चांदी देऊन ते परत घ्यावे लागले. आज त्या काळच्या नकलाही लोक आवडीनं जमवतात. ती मी एकेक करून, प्रत्येकाचं टिपण सोबत देऊन विकली. टिपण असलेलं नाणं लवकर जातं, कारण घेणाऱ्याची अर्धी शंका त्यातच मिटते. तिसरं कारण वय. संग्राहक गेल्यावर पोरं पेटी घेऊन थेट सराफ्यात जातात, आणि तिथं सगळं वजनावर मोजलं जातं. पासष्टीनंतर निम्मं तरी आपल्या हातानं सोडावं, उरलेल्यावर लिहून ठेवावं.

साफसफाईबद्दल एवढंच, की करू नका. माझं पहिलं पोटीन नाणं मी चिंच आणि राख लावून घासलं होतं, देवाची भांडी घासतात तसं. शतकांचा तो काळा-हिरवा थर दहा मिनिटांत गेला आणि खाली खड्डे पडलेला, आजारी माणसासारखा पांढुरका धातू उघडा पडला. हत्तीची सोंड तर गेलीच. प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते चिकट होतं आणि नाण्यावर हिरवं चढतं. शिशाची नाणी लाकडी पेटीत ठेवली की पांढरी भुकटी धरतात.

विद्यार्थ्याला मी पाच हाली आणि तीन कलदार चांदीच्या हिशेबात, तेही घाई नसेल तर भाव चढल्यावर विक म्हणालो. कडक अक्षरांचा एक हाली आणि शिवराई ठेव. हत्ती मात्र मामाला घेऊन जिल्हाधिकारी कचेरीत लेखी कळवून ये. त्याला ते शेवटचं फारसं पटलेलं दिसलं नाही. "सर, तिथं दोन दिवस मोडतेत," म्हणाला. मी म्हटलं, मी येतो सोबत.

माझ्या कपाटात प्रत्येक नाण्याला कागदाचं पाकीट आहे. वर तीन ओळी : कुणाकडून, कितीला, आणि कितीच्या खाली द्यायचं नाही. चिंचेनं घासलेल्या हत्तीच्या पाकिटावर पहिल्या दोन ओळी भरलेल्या आहेत. तिसरी कोरी आहे, कारण तो आजवर कुणी मागितलेलाच नाही.